गाईचा शाप

तळहातावर घेतल्याबरोबर ती मऊ पडली – अर्धी तांबडी, अर्धी पिवळी, नवऱ्याची जेवणानंतरची व्हिटॅमिनची कॅप्सूल – एप्रिलच्या घामानं तिचं कवच बोटाला चिकटलं, आणि सरोजाला एकदम हसू आलं. जिलेटिन! गुरांची हाडं-कातडी उकळून काढलेलं. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि घरातल्या सोवळ्या माणसाला रोज हे हातानं देत आले, तेव्हा कधी मनात आलं नाही...

बाहेर ओट्यावर वाद रंगला होता. विलायतेतल्या वेड्या गाईंचा मेंदूचा रोग त्यांचं मांस खाणाऱ्या माणसांनाही होतो, ही बातमी पेपरात आल्यापासून तंजावूरच्या या ओट्यावर तो रोजच रंगतो. शेजारचे वैद्यनाथ म्हणत होते, गुरांच्या पाठीवर ओततात ना ते किड्यांचं औषध, तेच मेंदूत भिनलं. तिचा नवरा कल्याणराम, निवृत्त तहसीलदार, अजूनही निकाल दिल्यासारखा बोलणारा, त्यांना मधेच तोडत म्हणाला, "औषध नाही नि काही नाही. गाईचा शाप आहे. खाल्लं ना? भोगा आता!"

आणि लीड्सहून रजेवर आलेला त्यांचा मुलगा कार्तिकेय खांबाला टेकून ऐकत बसला होता.

काल विहिरीपाशी तो तिला म्हणाला होता, "अम्मा, मी खाल्लंय. शिकत होतो तेव्हा. स्वस्त मिळायचं, सगळेच खायचे." आणि मग इंग्रजीत – वाईट बातमी तो लहानपणापासून इंग्रजीतच सांगतो – की रोग आत असला तर किती वर्षांनी वर येईल, कुणालाच ठाऊक नाही. आप्पांना सांगू नकोस. नाही सांगत, ती म्हणाली होती.

भोगा म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी भोगायचं? गवत खाणाऱ्या जनावराला मेंढ्यांची हाडं-आतडी दळून खुराक म्हणून घातली ती पेंडवाल्यांनी – माझ्या पोरानं नाही. खा, काही होत नाही, असं वर्षानुवर्षं सांगत राहिलं ते तिथलं सरकार. आणि शाप मात्र थंडीत कुडकुडणाऱ्या माझ्या पोराला? का म्हणून? मी नाही ऐकून घेणार.

ती कॅप्सूल आणि पाणी घेऊन बाहेर आली.

"गाय शाप देत नाही," ती म्हणाली. "गाय पुढ्यात पडेल ते खाते. माणूसही तेच करतो. पोत्यात काय आहे ते दोघांनाही कुणी सांगत नाही."

"सरोजा, हे तुझं शास्त्र नव्हे. हा धर्म आहे."

"मग ही गिळू नका. हीसुद्धा हाडांचीच आहे."

"अय्यय्यो!" वैद्यनाथ खदखदून हसले, मग आपणही रोज एक घेतो हे आठवून गप्प झाले.

"डॉक्टरनं लिहून दिली," कल्याणराम चिडून म्हणाला. "मला काय ठाऊक आत काय आहे ते?"

"तेच म्हणते मी! पोरांना तरी काय ठाऊक होतं?"

"कुठल्या पोरांना?"

शब्द दिला होता तिनं.

"मला, आप्पा," कार्तिकेय म्हणाला.

वैद्यनाथ चपला पायात सरकवून निघून गेले. आता कल्याणराम ओरडेल म्हणून ती मुलाच्या पुढे जाऊन उभी राहिली – ओरडू दे, आज मी एकाला दहा ऐकवीन... पण तो ओरडलाच नाही. त्यानं मुलाकडे पाहिलं आणि तिनं कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "उद्या तिरुवैयारुला जाऊ. कावेरीला पाणी नसेल सध्या, पण ओंजळभर मिळेल. प्रायश्चित्त घे. परिहार असतो रे... सगळ्याला परिहार असतो."

कार्तिकेयनं तिच्याकडे पाहिलं. लहान असताना ताप भरला की बघायचा तसं – बरं होईल ना, अम्मा?

पाप असतं तर धुता आलं असतं. शाप असता तर कुठल्याशा देवळात दिवा लावून, पदर पसरून उतरवता आला असता. पण पेंडीच्या पोत्यातून आलेल्याला कसला परिहार? आत्ताच, सगळ्यांसमोर, शाप नाही म्हणून मीच तर ती वाट बंद केली... म्हण ना, सरोजा, जाऊन ये बाळा म्हण, तुझं काय जातं?

"त्यानं पाप केलेलं नाही," ती म्हणाली. आवाज कापला. कापू दे. भीती वाटत होती तिला, कालपासूनची सगळी भीती आत्ता एकदम वाटत होती, आणि तरी मुलाकडे बघत ती पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हणाली, "काही पाप केलेलं नाही त्यानं."