निळे घर आणि तेवीस सॉरी

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे आणि माझे तोंड आजवर एका जागी टिकलेले नाही. पाठीवर अजून ‘हिवाळी बूट, आठ नंबर’ असे छापलेले आहे, ते वाचून हसू नका. विनिपेग या कडाक्याच्या थंडीच्या शहरातल्या एका कंपनीत मारिविक दलिसाय या बाईंनी मला बुटांच्या खोक्यातून कापून काढले. सोमवारी माझ्यावर चार बटणे होती, मंगळवारी सहा झाली. बुधवारी सकाळी त्यांनी दोन खरवडली आणि जेवणाच्या सुट्टीत एक परत चिकटवले. सगळे अंग चिकटपट्टीने खाजत असे. जरा निवांत पडावे म्हटले की कात्री आलीच.

आमच्याकडे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा एक छोटा डबा भिंतीवर असतो. ऊब वाढवायची किंवा कमी करायची ती त्याच्यावरून. कंपनी असा एक नवा डबा काढणार होती. खरा डबा बनण्याआधी माझ्यासारखा खोटा डबा लोकांपुढे ठेवायचा आणि ते कुठे अडखळतात ते पाहायचे, हे मारिविकबाईंचे काम. कोणी माझे कागदी बटण दाबले की बाई झटकन माझ्यावरचा कागद बदलत, जणू आतले यंत्र त्याच. नियम मात्र कडक होता. समोरचा कितीही गोंधळला तरी त्याला मदत करायची नाही, कारण मदत केली की डब्याचा दोष झाकला जातो. ती शांतता मला सहन होत नसे.

कंपनीचे मुख्य ग्लेन पेनर यांचा एका बटणावर फार जीव होता. ते सर्वांत मोठे होते, निळे होते आणि त्यावर छोट्या घराचे चित्र होते. घरी कोणी नसताना ते दाबले की ऊब बारा अंशांवर उतरते आणि इंधन वाचते. ऊब परत वाढवायला कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. आधीच्या डब्यांवर हे बटण वर्षभर होते, आता नव्यावरही तेच यायचे होते. शुक्रवारी डबे ओतायच्या साच्याचे काम कारखान्याकडे जाणार होते. साचा एकदा कापला की पुढची कित्येक वर्षे बदल नाही.

बुधवारी पाच जणांना बोलावले होते. प्रत्येकाला एवढेच सांगितले, की घर गरम करा. पाचही जणांनी घराचे चित्र दाबले! पाचव्या होत्या ओलेना बोयको, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या.

“अगं बाई, काय छान ऊब आहे इथे!” आल्या आल्या त्या म्हणाल्या आणि सावकाश कोट काढून बसल्या. मग त्यांनी निळे घर दाबले. मारिविकबाईंनी बारा अंशांचा कागद ठेवला.

“सॉरी हं, मला मेलीला यंत्रातलं काही कळत नाही.” त्यांनी परत घर दाबले. “सॉरी, पुन्हा चुकलं वाटतं.”

“तुमचे नाही, माझे चुकले!” असे मला ओरडावेसे वाटत होते, पण पुठ्ठ्याला कुठला आवाज? जाताना त्या म्हणाल्या, “फार सुरेख केलंय हो तुम्ही!”

ग्लेननी हात चोळले. “पाचपैकी पाच खूश! आता शुक्रवारी साचा.”

बोयकोबाई त्यांचे हातमोजे मात्र विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी बाहेर उणे एकतीस होते. मारिविकबाई ते परत द्यायला निघाल्या, मी नेहमीप्रमाणे पिशवीत होतोच. दार उघडले तर बोयकोबाई जाड कोट आणि मफलर घालून उभ्या.

“बाहेर निघालात का?”

“नाही गं पोरी, बटाट्याचं सारण भरून पेरोगी वळतेय. ये ना आत.”

आत भिंतीवर आमचाच जुना डबा होता. निळे घर, बारा अंश.

“हे कधीपासून असं आहे?”

“नोव्हेंबरपासून असेल. गार वाटलं की मी घर दाबते. मुलानं हौसेनं लावून दिलंय, त्याला कशाला सांगू? माझ्याच हातून बिघडलं असणार.” मग त्या ओशाळल्या. “सॉरी हं, तुला थंडी वाजतेय.”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेच निळे घर माझ्या छातीवर चिकटलेले होते. अशा थंडीत म्हातारे माणूस किती दिवस काढणार?

मारिविकबाईंनी आधी भट्टी वाढवली. मग मला टेबलावर ठेवून ते घर टराटरा फाडले. त्यांनी विचारले, “गरम करायचं म्हटलं की तुमचा हात आधी कुठे जातो?”

“वर. वर म्हणजे जास्त, नाही का?” बोयकोबाईंनी पिठाचे बोट माझ्यावर टेकवले. ती पांढरी खूण अजून माझ्या अंगावर आहे.

शुक्रवारी सकाळी ग्लेन चिडले. “अगं, सगळ्यांनी छान म्हटलं होतं!”

“ग्लेन, इथले लोक दात उपटणाऱ्यालाही छानच म्हणतात. छान मोजू नकोस, हे मोज.” बाईंनी पाचही जणांचे ध्वनिमुद्रण लावले. सगळे मिळून तेवीस वेळा सॉरी. मग त्यांनी कोटातल्या बोयकोबाईंची गोष्ट सांगितली.

ग्लेननी माझ्यावरच्या फाटक्या जागेवरून बोट फिरवले. “कारखानेवाले माझी चामडी लोळवतील,” ते पुटपुटले आणि त्यांनी फोन उचलून साचा थांबवला.

पुढच्या हिवाळ्यात खरा डबा घेऊन आम्ही बोयकोबाईंकडे गेलो आणि तो जुन्याच्या जागी भिंतीवर बसवला. वर ‘जास्त’, खाली ‘कमी’. त्या शेजारणीच्या मांजराबद्दल तावातावाने सांगत होत्या. मधेच गार वाटले, तेव्हा पिठाच्या हाताच्या कोपराने त्यांनी वरचे बटण दाबले, तेही न पाहता, आणि पुन्हा मांजरावर आल्या. कौतुक नाही की सॉरी नाही! मारिविकबाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

आता मी खणात असतो, पण स्वस्थता नाही. निळे घर असलेले जुने डबे अजून कित्येक भिंतींवर आहेत. कंपनीने घरोघर पत्रे पाठवली, पण अशी पत्रे वाचतो कोण? म्हणून मित्रांनो, तुम्हालाच विनवतो. एखादे म्हातारे माणूस घरात कोट घालून बसलेले दिसले आणि “माझंच काहीतरी चुकलं” म्हणाले, तर त्याला शिकवायला धावू नका. आधी भिंतीकडे पाहा.