पाचोळ्यातली अळंबी

वडिलांनी मुलींच्या नावावर काही ठेवलं नाही, पण थोरलीने स्वतः शोधलेली एक नवी अळंबी मात्र वडिलांच्या नावावर केली होती. नखाएवढी टोपी, दोऱ्यासारखा देठ, मोडला की लाल रस. तशीच दुसरी एक अळंबी शास्त्राला आधीपासून ठाऊक होती. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक एवढाच, की ती कुजक्या लाकडावर उगवायची आणि वडिलांची पाचोळ्यातून.

आता अळंब्यांचं नवं पुस्तक निघत होतं आणि तपासणीचं काम नेमकं धाकटीच्या गळ्यात पडलं. दोन्ही एकच ठरल्या तर जुनं नाव राहणार, वडिलांचं जाणार. तिने सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अळंब्यांना हरप्रकारे पाहिलं. फरक काही सापडेना. फोनवर थोरली उखडली. पाचोळा तुला दिसत नाही का, म्हणाली. शेवटी दोघी जंगलात गेल्या, वडील लहानपणी न्यायचे तिथेच.

वडिलांचा एक नियम होता. अळंबी उपटायची नाही, चाकूने जमिनीलगत कापायची. तिचं खालचं घर मोडायचं नाही. थोरली एक वेळ उपाशी राहील, पण हा नियम मोडणार नाही. तिने आजवर गोळा केलेला प्रत्येक नमुना वरून कापलेला होता.

धाकटीने चाकू मिटला आणि पाचोळ्यात बोटं घातली. थोरली "अगं" म्हणेपर्यंत अळंबी बुडासकट वर आली होती. बुडाला बोटभर कुजकी काटकी चिकटलेली होती.

थोरलीने काटकी नखाने टोकरून पाहिली. लाकूडच होतं. धाकटीला फार वाईट वाटलं. एका काटकीवरून काही ठरत नाही, असं ती म्हणाली.

थोरलीने आपला चाकू खाली ठेवला आणि पुढची अळंबी स्वतःच्या हाताने उपटली. तिलाही काटकी. त्यापुढचीलाही.

"खोडून टाक नाव," ती म्हणाली. "लिही, नमुने गोळा करणारीने खाली काय आहे ते पाहिलंच नाही."

"बाबांच्या नियमामुळे, असं लिहू?"

थोरली उपटलेल्या जागांवर पाचोळा सारत होती.

"ते नको. चूक माझ्या नावावर राहू दे."