बाळासाठी झाळलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, झाकण फाटलेला पत्र्याचा डबा आहे. मला बघून नाक मुरडू नका. एके काळी या घरात माझा मान घरच्या माणसांपेक्षा मोठा होता.

पावसाच्या पाण्याच्या पन्हळी बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. बायकोला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा त्याने उरलेल्या पत्र्याचे तुकडे कापले, वर नोटेपुरती फट ठेवली आणि झाकण चक्क डाख देऊन झाळून कायमचे बंद करून टाकले.

"आता बाळ येईपर्यंत हा उघडायचाच नाही. मनात आलं तरी उघडणार नाही!" तो म्हणाला. तीही हसली. दोघांनाही स्वतःचा भरवसा नव्हता. आधीची बचत कधी पाहुण्यांत, तर कधी नव्या चपलांत विरघळली होती.

ती कपड्यांना इस्त्री करण्याच्या कामाला जात असे, दिवसभर उभ्याने. घरखर्चाला कात्री लागली. त्याने विड्या सोडल्या आणि आठवड्याने पुन्हा धरल्या. तिने मात्र जे सोडले ते सोडलेच. आधी बस सोडली, मग दूध, मग फळे. डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या तिने निम्म्याच आणल्या. वाचलेले सगळे माझ्या पोटात.

सासूबाई शेजारणींना बोलावून मला दाखवत. "सून असावी तर अशी! काटकसर शिकावी हिच्याकडून." कारागीर घरी आला की आधी मला उचलून वजनाचा अंदाज घेई, मग तिच्याकडे बघे. माझे वजन वाढत होते. तिचे वाढायला हवे होते, ते कुणी पाहिले नाही.

एकदा ती भीत भीत म्हणाली, "अहो, हल्ली चक्कर येते. थोडे दिवस दूध सुरू करू या का?"

"अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. हे सगळं बाळासाठीच ना?"

ती दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली.

बाळ वेळेआधी आले. मी घरी काही केल्या उघडेना, कारागिराचा हात पक्का होता ना! शेवटी मला काखेत मारून तो धावला आणि दवाखान्याच्या पायरीवर छिन्नीने त्याने माझे झाकण फाडले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "हिच्या अंगात रक्त नाही. ही खात काय होती?" त्याच्या दोन्ही मुठींत चुरगळलेल्या नोटा होत्या.

एवढीशी मुलगी होती. तिला काचेच्या पेटीत ठेवले. पैसे पुरले, मित्रांनो. सगळी बिले भागून वर थोडे उरलेसुद्धा. मुलगी मात्र राहिली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नशिबात नव्हतं हो."

"नशिबाला कशाला बोल लावता?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझ्या तोंडचा घास त्या डब्यात पडत होता, तेव्हा सगळे कौतुक करत होतात."

मग माझी रवानगी कामाच्या जागी झाली. माझ्यात खिळे भरले गेले. मला त्याचे दुःख नाही. खिळे कुणाच्या ताटातून येत नाहीत.

आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. आज कारागिराने खिळे ओतून मला घासूनपुसून घरी आणले. "या वेळी आधीपासूनच सुरुवात करू," असे म्हणून त्याने खिशातून नोट काढली. तिने ती हातातून घेतली, क्षणभर बघितली आणि त्यालाच परत दिली.

"आधी दूध आणा. अंडी आणा. गोळ्या आणा, सगळ्या. उरलं तर त्यात टाका."

तो अजून दारात उभा आहे. चपला घातल्या आहेत, पण नजर माझ्यावरच आहे, पाऊल उचलत नाही.

मित्रांनो, बचत जरूर करा. पण डबा उपाशी राहिला तर कुणाचे काही बिघडत नाही. आधी तिला वाढा.