शंभर गुणांची उकळी

लेस्टर वॉयचिकला ट्रॉफी नको होती. तसल्या चार ट्रॉफ्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. त्याला परीक्षक व्हायचं होतं. डेट्रॉईटजवळच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळाव्यात वीस वर्षं दर ऑगस्टला तो आपल्या गाडीशेजारी हात मागे बांधून उभा राहिला होता, आणि दुसरे लोक आरसा लावलेली काठी गाडीखाली सारून त्याचे गुण कापत होते. आता काठी त्याला सारायची होती. अट एकच: परीक्षकाच्या गाडीने एकदा तरी शंभरपैकी शंभर मिळवलेले हवेत. गेल्या वर्षी नव्याण्णव मिळाले. रेडिएटरच्या झाकणाचा काळा रंग कारखान्यातल्यापेक्षा जरा जास्तच काळा निघाला.

गाडी एकोणसत्तर सालची, हॅलोरन कंपनीची ब्लिझर्ड. नावात हिमवादळ आणि इंजिनात वणवा. गाडी रागाने डोळे मिटून बसल्यासारखी दिसावी, असं कंपनीतल्या कुणा कलावंताच्या मनात आलं. म्हणून त्याने चारही हेडलाइट मधोमध, थेट रेडिएटरच्या तोंडासमोर बसवले आणि वर उघडझाप करणारी झाकणं लावली. गाडी देखणी झाली. वारा बिचारा दाराबाहेरच ताटकळला. सुसाट पळवली तर ठीक, पण सिग्नलला दोन मिनिटं थांबली की तापमानाचा काटा लाल. कंपनी बुडून पन्नास वर्षं झाली, तरी गाड्या इमाने इतबारे उकळतच होत्या.

लेस्टरने कारखान्यात, साचे बनवण्याच्या खात्यात चौतीस वर्षं काढली होती. त्याला हे बघवेना. मार्च महिन्यात त्याने चारही हेडलाइट दोन बोटं पुढे सरकवले. तेवढ्या फटीतून वारा आत शिरला. बाहेरून ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

यंदाच्या मेळाव्यातली परीक्षा अशी होती: झाकणं मिटायची, इंजिन जागच्या जागी वीस मिनिटं चालू ठेवायचं. आधी रस डिमार्को या दुसऱ्या सभासदाच्या ब्लिझर्डचा नंबर लागला. अकराव्या मिनिटाला तिने गवतावर हिरवं पाणी ओकलं. मुख्य परीक्षक ऑरविल स्टाउट वाकला, वाफेचा वास घेतला आणि म्हणाला, "अस्सल."

लेस्टरच्या गाडीचा काटा विसाव्या मिनिटालाही मधोमध होता. लेस्टरची छाती फुगली. ऑरविलचा चेहरा पडला.

"ही उकळली नाही, मिस्टर वॉयचिक."

"नाही ना!" लेस्टर म्हणाला.

"ब्लिझर्ड उकळते."

"अहो, बिघडलेली असली तर उकळेल."

"बिघडलेली? कारखान्यातून निघाली तशीच उकळत निघाली. उकळत नाही, म्हणजे कुणीतरी ती दुरुस्त केलीय." दुरुस्त हा शब्द ऑरविलने एकदम खालच्या आवाजात काढला. बायाबापड्या उभ्या होत्या जवळ.

"माझी बघ, गड्या!" रस पलीकडून ओरडला. "सकाळपासून दोनदा उकळली. खानदानी रक्त आहे!"

"जेवणानंतर पुन्हा बघतो," ऑरविल म्हणाला. "तेव्हाही थंड राहिली तर पुढचा सगळा भाग खोलायला लावीन."

खोललं की फट दिसणार, आणि फट दिसली की क्लबातून कायमचं नाव कटणार.

डोलोरेस, लेस्टरची बायको, घडीच्या खुर्चीत बसून सॉसेजचं सँडविच खात होती.

"काय म्हणाला ऑरविल?"

"गाडी चांगली चालते म्हणाला."

"मग तोंड असं का तुझं? कुणी मेल्यासारखं?"

"डॉली, तो डोनटचा खोका रिकामा झाला का गं?"

"कशाला हवाय?"

"गाडीला जरा ताप आणायचाय."

"तुम्ही लोक ना," खोका देत ती म्हणाली, "दवाखान्यात एखादा बरा झाला, तर त्याला पुन्हा थंडीत नेऊन उभा कराल."

सगळे जेवत असताना लेस्टरने खोका उलगडून रेडिएटरसमोर सरकवला आणि झाकणं मिटली.

दुपारी नवव्या मिनिटाला वाफ आली. लेस्टरचा हात किल्लीकडे गेला.

"थांबा, थांबा!" ऑरविल गुडघ्यांवर बसला होता, डोळ्यांत चमक. "बंद करू नका. कुठून येतंय ते नीट बघू द्या."

रसची गाडी लगेच बंद करू दिली होती, हे लेस्टरला आठवलं. आतून आता बारीक टकटक यायला लागली होती. त्या टकटकीचा अर्थ साऱ्या मैदानात त्याच्याइतका कुणालाच कळत नव्हता. बोटं किल्लीवर होती. त्याने ती फिरवली नाही. मग धप्प असा आवाज झाला, मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि इंजिन आपणहून थांबलं. ते आता उघडून नवं करावं लागणार होतं, आणि हॅलोरनचे सुटे भाग तर फक्त मेलेल्या लोकांच्या गॅरेजात सापडतात.

"अस्सल," ऑरविल म्हणाला आणि त्याने शंभरचा आकडा लिहिला. मग लेस्टरच्या छातीवर बिल्ला लावला, हातात आरशाची काठी दिली.

गाडी ओढून नेणारा ट्रक फाटकातून बाहेर पडत होता, तेव्हा लेस्टर आपली पहिली गाडी तपासत होता. तीही ब्लिझर्डच, मालकीण अर्लीन बोगदान नावाच्या विधवा बाई. वीस मिनिटं झाली तरी काटा हलला नव्हता. लेस्टरने काठी सारली. बाईंनी हेडलाइट पुढे सरकवले नव्हते, त्यांच्यामागच्या पत्र्याला आतून नुसता बाक देऊन वाऱ्याला वाट करून दिली होती. बाहेर एक खूण नाही. त्याच्यापेक्षा कितीतरी सुबक काम. त्याला ते हात लावून बघावंसं वाटलं.

"कसं वाटलं?" बाईंनी हसून विचारलं.

लेस्टर उठला, गुडघे झटकले आणि पेनाचं टोपण काढलं.

"बाई," तो म्हणाला, "दहा गुण कापावे लागतील."