माडावरची नवी पोय

कौमाईनं कोयता दगडावर घासून लेकाच्या हातात दिला. दोरीचं वेटोळं मात्र मुद्दाम ओट्यावरच ठेवलं. न सांगता तो ते उचलतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

इओतेबा तीन वर्षांनी काल घरी आला होता. तिकडे ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडून त्याचे हात काळवंडले होते. त्यांच्या बेटांच्या देशाच्या वाट्याला समुद्र आभाळाएवढा आणि जमीन चिमूटभर. समुद्रातले मासे परक्या बोटी न्यायच्या, जमिनीवरचे तरुण परकी शेतं न्यायची, मागे उरायचं वाळत घातलेलं खोबरं आणि म्हाताऱ्या. कौमाई हे हसत सांगायची, पण लेक राहणार की परत जाणार, या विचारानं कालपासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

दोरीवरून ते कळणार होतं. शेजाऱ्यानं बांधलेल्या जुन्या पोयीतून, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून, नीरा कोणीही काढावी. नवी पोय दोरीनं बांधायची तर ती रोज थोडी वाकवायची, सकाळ-संध्याकाळ तासायची. पाळी चुकली की आटते. जाणारा माणूस नवी पोय बांधत नाही.

इओतेबानं दोरी उचलून खांद्यावर टाकली.

"नवी बांधतोस?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बांधतो ना. घरात गोड नको?"

तो माडाकडे गेला. कौमाईनं चुलीवर एकाऐवजी दोन नीरफणस भाजायला ठेवले. चढता चढता खोडावर कोयत्याची टकटक झाली. पाय ठेवायच्या जुन्या खाचा बुजल्या असतील, तिला वाटलं. मग शेंड्यावरून गाणं आलं. माडावर गायलाच हवं, नाहीतर खाली आंघोळ करणाऱ्या बायांना कसं कळावं, डोक्यावर कोण आहे ते. गाणं त्याच्या बापाचं होतं. कौमाईला रडू आलं आणि तिनं ते धुरावर ढकललं.

सून मारेवा बुंध्याशी मान वर करून उभी होती.

"अगं, मान मोडेल! नवराच आहे, पळून नाही जात," कौमाई जवळ येत म्हणाली.

मारेवा हसली नाही. तिचे ओठ हलत होते.

"डावा... उजवा... मग डावा..."

कौमाईनं खोडाकडे पाहिलं. जुन्या खाचा तशाच होत्या. त्यांच्या अधेमधे नव्या, पांढऱ्या, ओल्या खाचा पडल्या होत्या. इओतेबाच्या लांब पायांना त्यांची गरज नव्हती.

"कधी जायचंय त्याला?"

"नाताळ झाला की." मारेवानं मान खाली घातली. "तोच सांगणार होता तुम्हाला. खोबरं विकत घेणारी बोट महिनोन्‌महिने येत नाही, आई. खायचं काय?"

कौमाईनं ओल्या खाचेवरून बोट फिरवलं.

"बाईमाणूस माडावर चढलं तर लोक हसतील का हो?" मारेवानं विचारलं.

"हसतील." कौमाईनं तिच्या पायांकडे पाहिलं. "चपला काढ आधी. साल निसरडी असते."

वरचं गाणं संपलं होतं. तो उतरायला लागला होता. कौमाईनं लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाच्या टोकानं डोळे पुसले आणि सुनेच्या जवळ सरकली.

"आणि मुक्यानं चढायचं नाही. त्याच्या बापाचं गाणं आहे ते. म्हण माझ्यामागे."