चंद्रप्रभाबाईंच्या घशाखालची बांगडी

मित्रांनो, मी एक जुनी बांगडी आहे. पण मला मनगटावर शोधू नका, मी तिथे सापडायची नाही. मी इतकी लहान आहे की साध्या भिंगालाही माझा पत्ता लागत नाही.

तुमचं शरीर म्हणजे पेशींच्या चिमुकल्या खोल्यांची मोठी वस्ती. जवळजवळ प्रत्येक खोलीत चुली पेटलेल्या असतात. मराठी पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुलं मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. तुम्ही खाल्लेला घास आणि घेतलेला श्वास त्या चुलीत भेटतात, आणि त्यातून तुमची धावायची, हसायची, भांडायचीसुद्धा ताकद निघते. त्या चुलीच्या कुशीत मी असते. चूल पेटती कशी ठेवायची याच्या खुणा माझ्या गोल अंगावर कोरलेल्या आहेत. मी डीएनएच, पण बांगडीसारखा गोल. पेशीच्या मधोमध बसलेल्या थोरल्या डीएनएपुढे मी कुठे लागते? तरी माझी एक ऐट आहे. मी येते ती फक्त आईकडून. पणजीनं आजीला दिली, आजीनं आईला, आईनं लेकीला. मुलग्यांनाही मी मिळते, पण त्यांच्याकडून पुढे जात नाही.

मी राहते चंद्रप्रभाबाईंच्या अन्ननलिकेत, म्हणजे घशापासून पोटापर्यंत घास उतरतो त्या वाटेवर. बाई मूळच्या पुण्याच्या. यजमान गुणवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि निवृत्तीनंतर जवळच गाझियाबादला राहिले. फार सुखाची जागा होती माझी! सकाळी पोहे उतरायचे, दुपारी वरणभात, आणि दिवाळीत तर एवढे लाडू, की चुलींना उसंत मिळायची नाही.

एकच दुखणं होतं. चहा.

बाईंना चहा उकळताच लागायचा. भांडं गॅसवरून उतरलं की कप ओठाला. त्यांच्या आईची तीच रीत, आणि लेक स्वरूपाही त्याच वळणावर गेलेली. त्याचा सगळ्यांना अभिमान! हिवाळ्यात धुकं खिडकीशी येऊन बसायचं, शेजारच्या गुरप्रीतकौर यायच्या, आणि बाईंचा वाफाळता घोट पाहून म्हणायच्या, "आंटीजी, आपका गला लोहे का है!" गुणवंतराव मिशीतल्या मिशीत हसायचे. "अहो, आमची चंद्रा विस्तवसुद्धा बशीत ओतून पिईल."

वर हशा पिकायचा. खाली आमची कातडी सोलून निघायची. भाजलेल्या पेशींच्या जागी घाईघाईनं नव्या पेशी उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यासाठी आमच्या नकला निघायच्या. घाईत लिहिलं की चुकतंच. माझ्या शेजारच्या बांगड्यांवरच्या खुणा हळूहळू बदलू लागल्या. एक अक्षर इकडचं तिकडे, एखादं गळालेलं. पुढे त्या कोपऱ्यातल्या पेशी वाढणं कुठे थांबवायचं तेच विसरल्या. आमच्या बदलांनी हे घडलं, की हे घडताना आम्ही बदललो, ते शास्त्रज्ञ अजून शोधताहेत. मीही नक्की सांगू शकत नाही.

मग घास उतरताना खुपायला लागलं. बाई बोलल्या नाहीत. पोळी वरणात बुडवून खायच्या, वर पाणी प्यायच्या. स्वरूपाला सहावा महिना चालू होता. ती नोएडाहून आली आणि जेवता जेवता आईच्या ताटाकडे बघतच राहिली.

"आई, तू पोळी कालवून कधीपासून खातेस?"

"मऊ लागते गं."

"बहाणे नको हं. उद्या डॉक्टर. बिल्कुल उद्या."

दिल्लीच्या दवाखान्यात घशातून बारीक दुर्बीण आत आली. आयुष्यात पहिल्यांदा मी उजेड पाहिला! कॅन्सर होता, पण अगदी वरवरचा, लवकर सापडलेला. छाती न उघडता त्याच दुर्बिणीतून तेवढा भाग काढता येणार होता.

तिथेच डॉक्टर उल्का भेटल्या. त्या आमचाच, बांगड्यांचाच अभ्यास करत होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, काढलेला तुकडा अभ्यासाला द्याल का? तुमचं रक्तही लागेल, आणि ताडून बघायला स्वरूपाचं. हा तंतुकणिकांतला डीएनए फक्त आईकडून लेकीला जातो ना, म्हणून…" एवढ्यात आतून हाक आली आणि उल्का लगबगीनं निघून गेल्या.

अर्धंच वाक्य ते! पण बाईंच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं. त्यांनी आपल्यापुरती सही केली, आणि स्वरूपाच्या रक्ताला ठाम नकार दिला. "पोटुशी आहे ती. तिला कुणी टोचायचं नाही."

तुकडा निघाला. महिन्याभरात जखम भरली. गुणवंतरावांनी मजल्यावर पेढे वाटले. सगळे हसत होते, आणि बाईंच्या छातीतून मात्र हुंदका वर येऊन परत खाली जायचा. मी तिथेच तर राहते. मला कळायचं.

डोहाळजेवण ठरलं. पहिली ओटी आईनं भरायची. बाई म्हणाल्या, "पुण्याहून सुरेखामावशी येतेय. ती भरेल."

"आणि तू?"

"मी स्वयंपाकाचं बघते."

"आई यार, स्वयंपाकाला केटरर आहे! माझी ओटी तू का नाही भरणार?"

तेव्हा बाईंचा बांध फुटला. "माझ्याकडून जे तुझ्यात आलं तेवढं पुरे नाही का, स्वरूपा? आईकडूनच जातं म्हणाली ना ती. माझा रोग तुला गेला, आता त्या पोटातल्या जिवालाही जाईल. या हातांनी तुझी ओटी कशी भरू?"

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण बांगडीला कुठला आवाज!

स्वरूपानं वाद घातला नाही. ती आईला घेऊन थेट उल्कांकडे गेली आणि दंड पुढे केला. "घ्या माझं रक्त. आणि ते राहिलेलं अर्धं वाक्य आज पुरं करा."

उल्का आधी ओशाळल्या, मग त्यांनी बाईंना शेजारी बसवलं. "काकू, हा डीएनए बांगडीसारखा गोल असतो. ती बांगडी तुम्ही दिलीत, हे खरं. पण त्यावरचा ओरखडा तुमच्या अन्ननलिकेतला. तो तिथून लेकीकडे जात नाही. आणि गंमत सांगू? स्वरूपा ज्या बीजातून आली, ते तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. तेव्हा तुम्ही चहाचा एक घोटही घेतला नव्हता!"

बाईंनी ऐकलं, पण मन मानेना. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा गुणवंतरावही बरोबर गेले, आणि उल्कांनी पडद्यावर तीन रांगा मांडल्या. बाईंचं रक्त, स्वरूपाचं रक्त, आणि तो तुकडा. पहिल्या दोन रांगा हुबेहूब जुळत होत्या. बदल होते ते फक्त तिसरीत.

बाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होत्या. "म्हणजे मी हिला खराब काही दिलं नाही?"

"या बांगडीतून तरी नाही. एक गोष्ट दिलीत मात्र."

बाईंनी पडद्यावरून नजर उल्कांकडे वळवली.

"उकळता चहा! आत्ताच कॅंटीनमध्ये पाहिलं, हिनं वाफ निवायच्या आत कप तोंडाला लावला."

स्वरूपानं जीभ चावली. गुणवंतराव गडगडाटी हसले, आणि मग बाईही हसल्या. किती दिवसांनी! त्या हसण्यानं माझी अख्खी वस्ती हलली.

डोहाळजेवणाला घर भरलं. पानिपतहून आणलेली मऊ चादर पाटामागे टांगली होती, शेवंतीच्या वेण्यांचा घमघमाट सुटला होता. चंद्रप्रभाबाई पुढे झाल्या. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सगळं ओंजळीनं लेकीच्या पदरात घातलं. सुरेखामावशी म्हणाली, "नुसती ओटी? गाणं कुठाय?" बाईंनी डोळे मिटले आणि तिथल्या तिथे ओवी जुळवली.

माझ्या ग मायेनं
दिलं मला देणं
अंगातलं लेणं
लेकीसाठी

माझ्या शेजारूनच तो सूर वर गेला. गुरप्रीतकौरना शब्द कळले नाहीत, पण टाळ्यांचा ठेका त्यांनीच धरला.

मित्रांनो, तुमच्या आतही माझ्या बहिणी राहतात. त्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मीच मागते. वाफ जरा निवू द्या. तंबाखू, दारू आमच्या वाटेला पाठवू नका. घरात कुणी घास पाण्याबरोबर ढकलत असेल, तर त्यांना मायेनं विचारा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. आणि आज आईजवळ बसाल तेव्हा एवढं सांगा, की तिनं दिलेलं पोचलंय.