गोडशेटची ज्वारी

बद्रीनाथरावांच्या दोन्ही नातींना घरी शिकवायला कुणीतरी हवंय, हे यशोधराच्या कानावर आलं तेव्हा ती आधी पोटभर हसली. चौसाळ्यात एवढे क्लासवाले, डी.एड. होऊन घरी बसलेले एवढे, पण त्या बंगल्याची पायरी चढायला एक जण तयार नव्हता. कसा होणार? निम्म्या गावाच्या ठेवी त्या माणसाच्या पतसंस्थेनं गिळल्या होत्या. ठेवीदारांच्या लेकरांनी शाळेत पोरींना जगणं नकोसं केलं म्हणून त्यांना शाळेतून काढलेलं. सून सत्यभामा मात्र फोनवर नातेवाइकांना सांगायची, पुण्यासारखं आम्ही होमस्कूलिंग करतोय.

यशोधरानं लगेच जाऊन काम धरलं. लग्नानंतर तिची बरीच वर्षं लातूरला गेलेली, आडनाव बदललेलं. ती केशरबाईची लेक आहे हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. गावानं त्या घराशी बोलणंच टाकलं होतं.

केशरबाईनं सगळी हयात अंगणवाडीत घालवली. निवृत्तीनंतर हातात चार पैसे आले त्याच साली बद्रीनाथराव जयंतीला वस्तीत आले. निळा फेटा बांधला, हार घातला. आता एवढं तर निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण करतो, त्यानं वस्तीतलं कुणी विरघळत नाही. पण हा माणूस सरळ केशरबाईच्या घरात शिरला, चुलीपाशी फतकल मारून बसला, चहा प्याला आणि वर आणखी अर्धा कप मागून घेतला. ज्याचा बाप तिच्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, त्याचा हा मुलगा!

"माझ्या हातचा मागून प्याला गं यशू," केशरबाई फोनवर रडत म्हणाली होती. "असा मानूस कावून फसवंल?"

तिनं सगळं त्याच्या पतसंस्थेत ठेवलं. इतर ठिकाणी सात टक्के, इथं चौदा. पण तिनं पैसे चौदा टक्क्यांसाठी ठेवले नव्हते, चहासाठी ठेवले होते. पुढं शटर पडलं, आणि नेमकं तेव्हाच तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याचे कागद घेऊन ती बंगल्यावर गेली. साहेब आत असून बाहेरगावी आहेत असं तिला सांगितलं गेलं. ऑपरेशन राहूनच गेलं, आणि दोन उन्हाळे काढायच्या आत ती गेली. बद्रीनाथरावांना अटक झाली, जामीन झाला, आणि जामिनावर सुटून येताना त्यांच्या माणसांनी चौकात फटाके वाजवले. त्या फटाक्यांपासून यशोधरानं डूख धरला होता.

बंगल्यात तिला चहा कागदी कपात यायचा. बाकी सगळ्यांना चिनी मातीचे कप. आई कोण ते ठाऊक नसलं, तरी नव्या आडनावावरूनही जात कळतेच. तिनं ते पाहिलं आणि रोज न चुकता प्याली. राग ताजा राहायला बरा असतो असा चहा.

सत्यभामानं इंटरनेटवर कुठंतरी पाहिलं होतं की मुलांना पैशाचे व्यवहार गोष्टीतून शिकवावेत. "मॅडम, तेवढं बघा तुमी," ती म्हणाली. "पोरींना पैसा कळला पायजे."

"कळंल की," यशोधरा म्हणाली. "लई चांगला कळंल."

आणि तिनं गोडशेटची गोष्ट सुरू केली. रोज थोडी थोडी. गोडशेट घरोघर जायचा, म्हातारीकोतारीच्या पाया पडायचा, त्यांच्या घरी जेवायचा आणि म्हणायचा, तुमची ज्वारी माझ्या कोठारात ठेवा, वर्षानं जास्तीची पायली देतो. ज्वारी म्हणून यशोधरानं शेंगदाणे आणले, कोठार म्हणून एक टोपली. धाकटी संस्कृती पहिली ठेवीदार. तिला वरचे दाणे मिळाले की ती लगेच खाऊन टाकायची आणि पुन्हा ठेवायला यायची. थोरली तेजश्री तेरा वर्षांची, कमी बोलणारी. ती आपले दाणे ठेवायची आणि एकटक टोपलीकडं बघत बसायची.

"मॅडम, गोडशेट शेती करतो का?" तिनं एक दिवस विचारलं.

"न्हाई."

"दुसऱ्याला उधार देऊन व्याज घेतो?"

"तेबी न्हाई. बंगला बांधतो."

"मग हिला वरचे दाणे कुठून दिले?" तेजश्रीनं टोपली पुढं ओढली. "हे तर माझ्याच दाण्यांतून दिले."

पोरगी हुशार होती. त्याच क्षणी यशोधरानं मनात डाव पक्का केला. कोर्ट काय करायचं ते करील. ह्या माणसाचं नाक त्याच्याच घरात, त्याच्याच रक्ताकडून कापायचं. पोरीचं काय होईल हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण माझ्या आईचं काय झालं, असं म्हणून तिनं तो झटकून टाकला.

संधी बद्रीनाथरावांनीच दिली. त्यांनी नवा घाट घातला होता. महिला बचत निधी, कागदावर सत्यभामा अध्यक्ष. बंगल्यापुढं मांडव पडला आणि ज्या गावांत अजून त्यांचं नाव फारसं पोचलं नव्हतं, तिथल्या बायका जीप भरभरून आल्या. खणानारळानं ओट्या भरल्या. बद्रीनाथराव खाली सतरंजीवर बायकांमध्ये बसले, एका म्हातारीच्या पाया पडले.

"ताई, पोरींची गोष्ट होऊ द्या की," यशोधरा सत्यभामाच्या कानात म्हणाली. "बायकांना कळंल, या घरात लेकरांनाबी बचत शिकवतात."

सत्यभामा फुलून गेली. तेजश्री माईकपुढं उभी राहिली. संस्कृती दाण्यांची टोपली घेऊन शेजारी. गोष्ट सुरू झाली तशा बायका हसल्या. गोडशेट पाया पडतो, इथं जरा कमी हसल्या. वरची पायली शेजारणीच्याच ज्वारीतून येते हे तेजश्रीनं दाणे मोजून दाखवलं, तेव्हा मांडवात कुणी हसत नव्हतं.

"शेवटी जिनं ठेवली, तिच्यासाठी टोपलीत काय उरलं?" तेजश्रीनं टोपली उलटी धरली.

बद्रीनाथराव जिच्या पाया पडले होते, ती म्हातारी उठली. पदर खोचला आणि जीपकडं चालू लागली. मग दुसरी उठली. मग ओळच्या ओळ.

बद्रीनाथराव ताडकन उभे राहिले. "कुनी शिकवलं गं तुला हे?"

या क्षणासाठी यशोधरानं वाक्य घोकून ठेवलं होतं. ती पुढं झाली. "मी शिकवलं. मी केशरबाईची लेक."

बद्रीनाथरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते आठवत होते, खरोखरच आठवत होते. "कोन केशरबाई?"

यशोधरानं इतकी वर्षं उराशी धरलेलं नाव त्या माणसाच्या गावीही नव्हतं. तिचा घाव हवेतच गेला होता.

"आबा," तेजश्री म्हणाली. माईक अजून तिच्या हातात होता. जीपकडं निघालेल्या बायका थांबल्या. "कुनी शिकवलं ते कावून विचारता? गोडशेट कोन, ते गोष्ट ऐकतानाच मला कळलं होतं. शाळेत पोरी माझा डबा उघडून विचारायच्या, आमच्या पैशाची भाकर कशी लागती गं? मी त्यांच्याशी भांडायची. माझे आबा तसले न्हाईत म्हनायची. एकीला तर मारलं मी तुमच्यासाठी."

बद्रीनाथरावांनी हात पुढं केला. "तेजू, बाळा—"

ती एक पाऊल मागं सरली.

"तवा मला हिशोब येत नव्हता," ती म्हणाली.

पोलीस, मोर्चे, कोर्ट, सगळ्यांपुढं ताठ उभा राहिलेला तो माणूस रिकाम्या सतरंजीवर मटकन खाली बसला. यशोधरानं नजर हटवली नाही. आईसाठी तिनं ते शेवटपर्यंत बघून घेतलं.